दमानं

स्मरणिका समितीचं पत्र आलं : 'अमृतमहोत्सवानिमित्त आपलं मनोगत दोन पानांत पाठवा.' दोन पानांत शाळा मावणार नाही. सर कदाचित मावतील, म्हणून त्यांच्याबद्दलच लिहिते. भूगोलाचे सर. नाव लिहायची गरज नाही. आपल्या शाळेत नुसतं 'दमानं' म्हटलं तरी आमच्या मागच्या-पुढच्या सगळ्या बॅचेसच्या डोळ्यांसमोर तेच उभे राहतात, खांद्याला खाकी पिशवी आणि मनगटावर चावीचं घड्याळ.

दमानं म्हणजे सावकाश, घाई न करता. हे साताऱ्यात शेंबड्या पोरालाही कळतं. सर मात्र त्यातला दम मोजायला लावायचे.

शनिवारची सकाळची शाळा सुटली की अदालतवाड्यावरून अजिंक्यताऱ्याची वाट. चढ जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा, पण नियम कडक. चालता चालता 'कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री' हे एका दमात म्हणता आलं पाहिजे. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरातल्या या पाच नद्या परीक्षेसाठी पाठ असायच्याच. सावित्रीपर्यंत पोचलात तर चाल बरोबर. कोयनेलाच दम तुटला तर चाल कमी करायची, थांबायचं मात्र नाही. पाऊल टाच-चवड्यासकट पूर्ण टेकवायचं, मागचा गुडघा क्षणभर सरळ करून भार हाडावर येऊ द्यायचा, मगच पुढचं पाऊल. तेवढ्या क्षणात मांडीच्या स्नायूंना विसावा मिळतो. गिर्यारोहणात यालाच 'रेस्ट स्टेप' म्हणतात.

वर पोचल्यावर धप्पकन बसायचं नाही. उभ्या उभ्या नाडी मोजायची. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं हलकी टेकवून. मोजायला अंगठा वापरायचा नाही, कारण अंगठ्याचे स्वतःचेच ठोके जाणवतात आणि आकडा चुकतो. पंधरा सेकंदांचे ठोके गुणिले चार. एका मिनिटानं पुन्हा मोजायचं आणि दोन्ही आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहायचे. जे पळत पुढं गेलेले असायचे ते दरवाज्याच्या आतल्या मारुतीपाशी पोट धरून बसलेले सापडायचे. सर रागवायचे नाहीत. "दमानं रं," एवढंच.

एक प्रसंग सांगते, अगदी साधा आहे. गडावरच्या टीव्हीच्या टॉवरजवळ सरांनी आम्हाला यवतेश्वराकडं तोंड करून बसवलं होतं. हातात घड्याळ घेऊन म्हणाले, "एक मिनिट कुणी हलायचं नाही. काय काय ऐकू येतं ते लिहा." बहुतेकांच्या वहीत तीन-चार आवाज : वारा, कावळा, खालच्या एसटीचा हॉर्न. वर्गात कधीही हात वर न करणारा एक मुलगा म्हणाला, "सर, त्या टॉवरच्या खोलीतनं घूंऽऽ येतंय." सर उठून त्याच्यापाशी गेले आणि त्याची वही वाचली. मग आम्हाला म्हणाले, "हा आवाज आपण आल्यापासनं हाय. बाकीचं ऐकून संपलं, तवा ह्याला ऐकू आला." पुन्हा एक मिनिट लावलं. या वेळी तो घूंकार सगळ्यांनाच ऐकू आला आणि गड उतरेपर्यंत कानातून जाईना.

पुढं टेलिव्हिजनच्या निर्मितीत त्याच आवाजावर माझं पोट चाललं. चित्रीकरण संपलं की ध्वनिमुद्रक 'रूम टोन' मागतो, म्हणजे त्या खोलीची अर्धा ते एक मिनिटाची शांतता. संकलन करताना वाक्यातला खोकला किंवा अडखळणं कापलं की तिथं भोक पडतं. त्यात कोरी शांतता भरली तर कानाला ठेच लागते, कारण कुठल्याच खोलीची शांतता कोरी नसते. टोन घ्यायचा तो माणसं, दिवे, सामान जागच्या जागी असतानाच. 'पॅकअप' म्हटलं की दिवे विझतात, खुर्च्या सरकतात, आणि नंतर घेतलेला टोन जुळत नाही. फ्रीज आधीच बंद करायचा आणि त्यात गाडीची किल्ली ठेवायची. निघताना किल्लीसाठी फ्रीज उघडावाच लागतो, त्यामुळं तो पुन्हा चालू करायचा राहत नाही आणि घरमालकाचं दूध नासत नाही. नव्या मुलांना मी हे सगळं शिकवलं, ते सरांच्याच शब्दांत.

आता निर्मिती सोडून मनःस्वास्थ्याचे वर्ग घेते. तिथंही पहिला आठवडा फक्त ऐकण्याचा. दुसऱ्या आठवड्यापासून श्वास : चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. दहा सेकंदांचा एक श्वास, म्हणजे मिनिटाला सहा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून बाहेरचा आकडा मोठा. इथं हमखास होणारी चूक अशी, की लोक छाती फुगवून मोठमोठे श्वास घेतात. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि माणूस घाबरून अजून मोठा श्वास घेतो. अशा वेळी आत घेणं नेहमीएवढंच ठेवायचं आणि फक्त सोडणं लांबवायचं. सहा जमत नसेल तर पाचवर थांबावं. ओढूनताणून केलेला श्वास उपयोगाचा नाही.

पाच नद्यांची परीक्षा मी हिमालयातही घेते. 5,364 मीटरवरच्या एव्हरेस्ट बेस कॅम्पला हवेत ऑक्सिजनचं प्रमाण आपल्याकडच्यासारखंच 21 टक्के असतं, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो. तिथं वेण्णेलाच दम तुटतो. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढायचा. मुंबई-पुण्याकडून विमानानं थेट लेहला, म्हणजे साडेतीन हजार मीटरवर, उतरणारी मंडळी पहिल्याच दिवशी फिरायला निघतात आणि रात्री डोकं धरून बसतात. डोकेदुखी, मळमळ, जेवण नकोसं वाटणं अशी लक्षणं दिसली की वर जाणं थांबवायचं. बसल्या जागी धाप लागली, किंवा टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालता आलं नाही, तर रात्र असो की पाऊस, माणसाला लगेच खाली न्यायचं. तिथं दमानं घेऊन चालत नाही. सरांनी हेही सांगितलं होतं : "उतरायचं ठरलं की मग वाद घालायचा न्हाई."

परवा गडावर गेले होते. गाड्या थेट वरपर्यंत येतात. पोरं दरवाज्यापाशी उतरतात, फोटो काढतात आणि कानातले बोळे न काढता परततात. कासला सप्टेंबरात फुलांपेक्षा हॉर्न जास्त, आणि ते पठार 2012 पासून जागतिक वारसा असलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. मला याचं फार वाईट वाटतं. शनिवारची ती वाट शाळेनं बंद करायला नको होती. ती पुन्हा सुरू करणार असाल तर दर महिन्याला एका शनिवारी मी स्वतः येईन.

समितीला एक विनंती. समारंभात सत्कारांच्या आधी एक मिनिट ठेवा. माइक बंद, पंखे बंद. मंडपवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, जनरेटर बंद केल्यावर त्याची घरघर पूर्ण थांबायला वेळ लागतो. ती थांबल्यावरच मिनिट सुरू करा. सर पहिल्या रांगेत असतील. घड्याळ त्यांच्या हातात द्या.