पाणी गार येत होतं

कंटिन्युअस कास्टिंग, म्हणजे वितळलेल्या धातूतून अखंड बार किंवा स्लॅब ओढून काढणं, म्हटलं की लोकांना भिलाई-जमशेदपूरचे लालबुंद स्लॅब आठवतात. आमचं काम त्याच्या शंभराव्या हिश्श्याचंही नाही. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतली एक शेड, धातू वितळवणारी एक इंडक्शन फर्नेस, शेजारी तो रस तापता ठेवणारी होल्डिंग फर्नेस, आणि तिच्या कुशीत खालच्या अंगाला आडवी बसवलेली ग्रॅफाइटची डाय, म्हणजे दोन्हीकडून उघडा साचा. डायभोवती तांब्याचं जॅकेट, त्यात फिरणारं पाणी. एका टोकाला गनमेटलचा रस, दुसऱ्या टोकाला चाळीस एमएमचा बार. मध्ये वीतभर अंतर. आमची सगळी अक्कल आणि सगळी भीती त्या वीतभरात असते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बार एकसारखा सरसर बाहेर येत असेल. तसा तो येऊ दिला तर दिवसाअखेर शेड जळेल. गनमेटल म्हणजे ८५ टक्के तांबं, आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के. यातलं कथील फार द्वाड. हा धातू एका ठरावीक तापमानाला गोठत नाही, टप्प्याटप्प्याने गोठतो. तांबं आधी धरतं, कथील जास्त असलेला रस शेवटपर्यंत पातळ राहतो आणि बाहेरच्या कातडीतून पाझरतो. आम्ही त्याला टिन स्वेट म्हणतो. तो डायच्या भिंतीला चिकटला की पुढच्या ओढीला कातडी फाटते, आणि कातडी फाटली की अकराशे डिग्रीच्या पुढचा रस थेट जमिनीवर. म्हणून बार ओढायचा, थांबायचं, किंचित मागे ढकलायचा, पुन्हा ओढायचा. मागे ढकलल्यावर नवी कातडी जुन्या कातडीवर दाबली जाऊन सांधते. प्रत्येक ओढीची एक गोल खूण बारवर उमटते. आमच्याकडे दर बारा एमएमला एक. जाणता माणूस त्या खुणा वाचतो.

परदेशी मशीनवर हे ओढायचं-ढकलायचं काम सर्व्हो मोटर करते, बटणावर हवी तेवढीच फिरणारी. त्या मशीनचं कोटेशन आलं तेव्हा मालकांनी ते वाचून चहा मागवला आणि विषय बदलला. आमच्याकडे हे काम अण्णांनी बनवलेली यंत्रणा करते.

अण्णा मूळचे पॉवरलूमवरचे जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करून चालते ठेवणारे. घरी तेलुगू, शेडमध्ये मराठी, शिव्या कन्नडमधून. पूर्व भागात टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत त्यांची उमर गेली. शटललेस मशीन आली तसे जुने लूम किलोच्या भावाने भंगारात जायला लागले, आणि अण्णा भंगारवाल्याकडून त्यांच्या टेक-अप मोशन वेचून आणायला लागले. लूमवर विणलेलं कापड गुंडाळून घेणारी ही यंत्रणा. स्ले, म्हणजे आडवा धागा ठोकणारी चौकट, एकदा हलली की पॉल नावाची खुंटी रॅचेटचा, म्हणजे एकाच दिशेने फिरणाऱ्या दातेरी चाकाचा, एक दात ओढते आणि कापड नखभर पुढे सरकतं. चेंज व्हील हे दातेरी चाक बदललं की इंचातले पिक, म्हणजे आडवे धागे, बदलतात. आडवा धागा तुटला तर कापड दोन-तीन दात मागे सोडायचीही सोय असते, नाहीतर विणीत फट पडते. अण्णांनी हे सगळं कापडाऐवजी बारला लावलं. स्लेच्या जागी गिअरबॉक्सवरचा कॅम, कापड ओढणाऱ्या खरखरीत एमरी रोलरच्या जागी बार चिमटीत धरणारे, दाते पाडलेले पिंच रोल, आणि मागे ढकलायला ट्रॅक्टरच्या सीटखालची स्प्रिंग. चेंज व्हील बदला, ओढीची लांबी बदलते. मी मेटलर्जीचा डिप्लोमा केलेला माणूस. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. मशीनने पहिला अखंड बार देईपर्यंतही ते हसू टिकलं नाही म्हणा.

तर तो दिवस. मे महिना, सोलापूरचा मे. एका पंप कंपनीचे क्वालिटीवाले साहेब मशीन बघायला येणार होते. त्यांना बुशसाठी, म्हणजे शाफ्टभोवती बसणाऱ्या नळकांड्यांसाठी, दरमहा गनमेटलचे बार हवे होते. वाळूच्या साच्यात ओतलेल्या, सँड कास्टिंगच्या बारमध्ये टर्निंग करताना ब्लो होल, म्हणजे हवेची भोकं, निघतात आणि निम्मा माल बुरादा होतो, म्हणून ते कंटिन्युअस कास्टकडे वळले होते. मालकांनी दोन दिवस आधीपासून शेड झाडून घेतली, भिंतीवर ‘सेफ्टी फर्स्ट’ नव्याने रंगवून घेतलं, आणि दुरून तापमान मोजणारी आमची टेंपरेचर गन ऑफिसच्या टेबलावर मांडून ठेवली, पाहुण्यांना दिसावी म्हणून. ती गन मशीनपाशी असती तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

सकाळी सातला बार धरला. धरला म्हणजे डायमध्ये आधीच घातलेल्या डमी बारच्या बोल्टवर रस गोठून त्याने पकड घेतली. दहापर्यंत सुरळीत. मिनिटाला साधारण पंधरा सेंटीमीटरचा वेग, करवतीवर तुकडे पडत होते. पाहुणे साडेदहाला आले. त्यांना उकडू लागलं तसं मालकांनी समोरचं मोठं शटर वर करायला लावलं. सगळं ऊन आत.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. डायमधून बाहेर पडणारा बार किती लाल आहे यावरून आत काय चाललंय ते कळतं. शेड अंधारी ठेवायचं कारण तेच. उन्हात सगळे बार सारखेच काळपट दिसतात.

साहेब हुशार होते, उगाच नाव ठेवणार नाही. त्यांनी खुणांमधलं अंतर मोजलं, एक तुकडा कापायला लावून आतली दाणी पाहिली, मान डोलावली. मग जॅकेटच्या आउटलेट पाइपला हात लावून म्हणाले, ‘‘वा, कूलिंग मस्त आहे तुमचं. पाणी गार येतंय.’’ पंपावरचा पोरगा खुलला. म्हणाला, ‘‘फ्लो जरा पडला होता साहेब, मी व्हॉल्व्ह उघडून बरोबर केला.’’ मालकही खुलले. मीही मनातल्या मनात बरं म्हणालो. मीटरवर फ्लो रोजच्याइतकाच होता.

अण्णा तिथे नव्हते, करवतीपाशी होते. ते आले, पाइपवर पंजा ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. मग इनलेटच्या पाइपवर दुसरा पंजा. त्या दोन पंजांमधला फरक रोज आठ डिग्रीचा असतो. चौतीसने पाणी आत, बेचाळीसने बाहेर. लॉगबुकात मी तो लिहून ठेवतो आणि अण्णा लॉगबुक उघडत नाहीत.

‘‘सर, पाणी गार यायलंय,’’ अण्णा मला म्हणाले.

‘‘हो ना.’’

‘‘मग उष्णता कुठं चाललीय?’’

फ्लो तेवढाच, बारचा वेग तेवढाच आणि पाणी गार, म्हणजे पाणी उष्णता उचलत नव्हतं. ती बारमध्येच राहत होती. शाळेच्या पुस्तकातलं गणित, पण त्या क्षणी पाचजणांच्या घोळक्यात ते एकालाच सुचलं. थर्मामीटर पाहिलं तर एकोणचाळीस.

अण्णांनी थंड झालेला तुकडा उचलून खुणांवरून नख फिरवलं. ‘‘खोल जायला लागल्यात.’’ मग मालकांकडे न बघता पोराला ओरडले, ‘‘शटर पाड!’’ शटर खडखडत खाली आलं. अंधार झाला आणि बार दिसला. रोजच्यापेक्षा उजळ होता का? होता. किती? तिथेच घोडं अडतं. अंधारात डोळे सरावायला वेळ लागतो आणि अण्णांनी तो दिला नाही. त्यांनी क्लच सोडला. मला विचारलं नाही, मालकांना विचारलं नाही. पिंच रोल थांबले. थांबलेला बार डायमध्येच गोठतो, आणि मग डाय फोडूनच काढावी लागते. पाहुण्यांच्या देखत आम्ही होल्डिंग फर्नेसमधला दीडशे किलो रस कढईने उपसून साच्यांत ओतला. जस्ताचा पांढरा धूर शेडभर. सेफ्टी फर्स्ट त्या धुरात दिसेना.

साहेब जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘मशीन छान आहे हो. पण एका माणसाच्या लहरीवर थांबत असेल तर आम्ही शेड्यूल कसं लावणार?’’

दुपारी जॅकेट उघडलं. पाण्याच्या वाटांत आतून पांढरा थर, कडक भाकरीच्या पापुद्र्याएवढा. मार्चपासून उजनीचं पाणी लांबलं की आम्ही टँकर मागवतो. टँकरमध्ये बोअरचं पाणी, आणि इथल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी किती जड असतं ते इथल्या कुठल्याही गिझरला विचारा. पाण्यातला चुना गरम पृष्ठभागावर आधी बसतो. पाणी तापेल तसा तो विरघळायचा कमी होतो. म्हणजे जिथे डाय सगळ्यात तापलेली, नेमका तिथेच थर सगळ्यात जाड. पाण्यातला चुना काढणारा सॉफ्टनर आहे आमच्याकडे. त्याला मीठ घालायचं असतं. मिठाची गोणी जिन्याखाली शिवणीसकट उभी होती. दर आठवड्याला ती कुणी उघडायची, हे कुठल्याच कागदावर नाही, आणि बैठकीत तीन माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

हे सापडल्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण जॅकेटचा एक बोल्टही सैल निघाला. ग्रॅफाइटच्या बाहेरच्या अंगाला एका बाजूने राखाडी डाग होता. म्हणजे तिथे डाय जॅकेटला नीट टेकलेलीच नव्हती. मग उष्णता अडवली कुणी? चुन्याने की फटीने? चुना असेल तर तो महिनाभर हळूहळू वाढत होता आणि आणखी दोन तास सहज निघाले असते. फट असेल तर ती त्याच सकाळी पडली असणार आणि पुढच्या दहा मिनिटांत काहीही झालं असतं. मी रात्री बसून हिशेब मांडला. आठाचे पाच डिग्री झाले, म्हणजे पाणी जेमतेम साठ टक्के उष्णता उचलत होतं. डायच्या तोंडाशी कातडी किती जाड राहिली असेल ते काढलं. उत्तर असं आलं की वेग निम्मा केला असता तर उरलेला रस बहुधा संपवता आला असता. बहुधा. अण्णांना दाखवलं. त्यांनी कागद उलटा-सुलटा केला. ‘‘वेग निम्मा करायला चेंज व्हील बदलायला लागतं. ते बदलायला मशीन थांबवायला लागतं.’’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. सर्व्हो असती तर एक बटण फिरवून झालं असतं, आणि ही उणीव अण्णांच्याच यंत्रणेची आहे, हे मात्र मालकांनी बरोबर हेरलं.

याच मशीनचं पेटंट घ्यावं म्हणून मागे आम्ही पुण्याच्या एका एजंटकडे गेलो होतो. भला माणूस. त्याने सांगितलं, थांबत-ओढत कास्टिंग करणं नवं नाही. जर्मनीत सिगफ्रिड युंगहान्सने १९३३ सालीच साचा हलता ठेवून कातडी चिकटू न देण्याचं पेटंट घेतलं होतं. बेसेमरने तर १८५० च्या दशकात दोन फिरत्या रोलांमध्ये धातू ओतून पट्टी काढायचं डोक्यात घेतलं, आणि त्या वाटेने साध्या पोलादाची पट्टी विक्रीला यायला २००० साल उलटावं लागलं. राहिली अण्णांची रॅचेट. १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३(एफ) म्हणतं की माहीत असलेली साधनं, जी आपापलं काम माहीत असलेल्या पद्धतीनेच करतात, ती नुसती नव्याने मांडली तर तो शोध नव्हे. अण्णा हे सगळं शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, ‘‘मग वीस वर्षांचा हक्क कशावर मिळतो?’’ एजंटाने सांगितलं, जे तुमच्याआधी कुणी केलं नाही त्यावर. अण्णा गाडीत बसल्यावर म्हणाले, ‘‘लूमवरून बार कुणी काढला होता ते तरी विचारायचं होतं.’’ मला अजूनही वाटतं त्यांचा मुद्दा एजंटने नीट तपासला नाही. आमची फी पाहून तेवढाच वेळ दिला असेल.

पण त्या दिवसानंतर मला वेगळंच छळतंय. रस जमिनीवर आला असता तर सगळ्यांनी अण्णांचं ऐकायला हवं होतं म्हटलं असतं. तो आला नाही, म्हणून फुटलेली डाय आणि गेलेला पाहुणा एवढंच खर्ची पडलं. मालकांच्या वहीत ‘अण्णांनी थांबवलं’ असं लिहिलंय. ‘पाण्याने थांबवलं’ असं लिहा म्हणालो, तर हसले. मिठाची गोणी आता उघडलीय, एवढा फरक.

पंप कंपनीकडून निरोप आलाय. आठ तासांची अखंड रन, त्यांच्या माणसासमोर, मगच ऑर्डर. तारीख पुढच्या रविवारची. मालकांनी काल मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, ‘‘त्या दिवशी अण्णांना सुट्टी द्या. पगारी द्या हवं तर. मशीन तुम्ही सांभाळा.’’

मी नाही म्हणालो नाही. एवढंच मागितलं की इनलेट-आउटलेटवर दोन डिजिटल थर्मामीटर आणि एक बझर लागेल, आणि फरक सहाच्या खाली गेला तर मशीन थांबवायचा अधिकार माझा, समोर कुणीही उभं असलं तरी. बझरला मालकांनी लगेच होकार दिला. अधिकाराचं ‘बघू’ म्हणालेत. सुट्टीचं अण्णांना अजून मी सांगितलेलं नाही.