शनिवारचा पेपर

आमच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी (ज्यू) समाजात कॉलेजच्या मुलांसाठी काही करायचं ठरलं की सगळ्यांना आधी पिकनिक सुचते. अलिबागची बस, नवगावचं पूर्वजांचं स्मारक, दुपारी मटण, येताना हाऊसी. मला पिकनिक आवडते आणि हाऊसीत मी बऱ्यापैकी नशीबवान आहे. पण दिवसभर एका बसमध्ये बसून आम्ही एकमेकांना विचारतो काय? ‘तू इस्रायलला जाणार की इथेच?’ बस्स. उत्तर मिळालं की लगेच गाणी सुरू.

म्हणून आम्ही काही जणांनी रविवारी सकाळी नुसतं वाचायला बसायचं ठरवलं. जागा आग्रीपाड्यातल्या एका मैत्रिणीचं घर, मागेन हसिदिम या सिनेगॉगच्या (प्रार्थनास्थळाच्या) जवळच. मी ठाण्याहून येते, म्हणजे मेगाब्लॉक धरून निघते. कुर्ल्याची एक नर्सिंगला आहे, इंजिनीअरिंगची दोन मुलं आहेत, बी.कॉम.चे दोघे भाऊ आहेत, ते फक्त खायला येतात असं त्यांच्याच आईचं मत. मी एलएल.बी.ला. शिकवणारं कोणी नाही. दोघादोघांनी एक उतारा घ्यायचा, मोठ्याने वाचायचा आणि समोरच्याचं म्हणणं पटलं नाही तर सोडायचं नाही. जगभरातले यहुदी शेकडो वर्षं असंच शिकत आले आहेत, त्याला हावरुता म्हणतात. मूळ हिब्रू आणि इंग्रजी अर्थ मोबाइलवर फुकट मिळतो. वाद अर्थातच मराठीत.

सुरुवातीला ‘कुठून सुरू करायचं’ यावरच दोन रविवार गेले असते, पण आमच्यापुढे प्रश्न आयता होता. माझा सेमिस्टरचा एक पेपर शनिवारी आला होता. शब्बाथ, म्हणजे आमचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री सुटतो, म्हणजे पेपर बरोबर मधोमध. घरी आईचं म्हणणं, ‘देव बघतो, पण मार्कशीटही बघतात.’ आजी गप्प. मग आम्ही मिश्ना या यहुदी कायद्याच्या जुन्या ग्रंथातला शब्बाथचा सातवा अध्याय काढला. तिथे शब्बाथला वर्ज्य असलेल्या कामांची यादी आहे: चाळीस उणे एक. पेरणी, नांगरणी, कापणी, पेंढ्या बांधणं, मळणी, पाखडणं, निवडणं, दळणं, चाळणं, मळणं, भाजणं. पहिली अकरा कामं म्हणजे शेतातून ताटात भाकरी येईपर्यंतचा सगळा व्याप. पुढे लोकरीचं, कातड्याचं, बांधकामाचं येतं. आणि मध्येच एक ओळ: दोन अक्षरं लिहिणं.

कायदा शिकणाऱ्या माणसाला ही यादी वाचताना गंमत येते. नुसतं ‘लिहू नका’ असं नाही, किती लिहिलं तर दोषी ते मोजून दिलंय. खोडण्यालाही माप आहे: दोन अक्षरं लिहिता येतील एवढी जागा मोकळी करण्यासाठी खोडलंत, तर तेही काम. बी.कॉम.मधला धाकटा लगेच म्हणाला, ‘मग एमसीक्यूचा पेपर चालेल. गोलच काळे करायचे.’ त्यावर तासभर भांडण झालं. गोल काळा करणं हे अक्षर नाही, पण खूण आहे, खुणेचं काय? नर्सिंगवाली शांतपणे चहा पीत होती. जीव वाचवायचा असेल तिथे शब्बाथ बाजूला ठेवायचाच, असा नियम आहे. तिला शनिवारची वॉर्ड ड्युटी लागली तरी मनाला टोचणी नसते. आम्हा बाकीच्यांचं तसं नाही. कंपनी लॉ न लिहिल्याने कोणी मरत नाही.

पण मला खरं सापडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. आम्ही लहानपणापासून एक गोष्ट पाठ केलेली आहे: नवगावजवळ गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. परदेशी पाहुणा आला की ही गोष्ट सांगायची, त्याने ‘वॉव’ म्हणायचं, मग मलिद्याचं ताट पुढे. मी ती इतक्या वेळा सांगितली आहे की तिच्यावर विचार करणं कधीच बंद केलं होतं.

त्या रविवारी कोणीतरी विचारलं, ‘यादीत तेल काढणं कुठेय?’ नव्हतं. शोधता शोधता बाराव्या शतकातल्या मायमोनिदीस या यहुदी कायदेपंडितापाशी पोचलो. दाणा टरफलातून वेगळा करायचा ती मळणी, आणि फळ पिळून आतलं बाहेर काढायचं तेही मळणीच्याच पोटातलं. म्हणजे घाणा मळणीत बसला! एवढ्यात इंजिनीअर म्हणाला, ‘पण घाणा माणूस कुठे फिरवतो? बैल फिरवतो.’ मग तोरा, म्हणजे आमचा मूळ धर्मग्रंथच उघडला. त्यातल्या ‘अनुवाद’ (ड्यूटेरॉनॉमी) नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात विसावा कोणाकोणाला द्यायचा ते सांगितलंय: तू, मुलगा, मुलगी, दास, दासी आणि तुझा बैल. बैलाचं नाव घेऊन सांगितलंय. कोकणातल्या त्या घाण्याच्या बैलालाही शनिवारी जू नव्हतं. ही गोष्ट मला आजवर कुणीही सांगितली नव्हती, पिकनिकच्या बसमध्ये तर नाहीच.

आणि घाणा थांबला म्हणजे त्या दिवसाचं तेल गेलं, गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारी गेलं. दर आठवड्याला. ‘शनिवार तेली’ आपण कौतुकाने सांगतो, त्यांना त्याची किंमत पडत असणार.

पेपरचं काय झालं ते सांगते. मी परीक्षा विभागात अर्ज घेऊन गेले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, ‘ज्यू म्हणजे पारशीच ना?’ महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिलाय, हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘असेल, पण आमच्याकडे कॉलम नाही.’ वेळापत्रक बदललं नाही. मी पेपर लिहिला. आमच्यातल्या एकाने त्याचा स्वतःचा पेपर सोडला, केटी घेतली, पुढच्या सेमिस्टरला काढली. त्याच्या आईने आमच्या सगळ्या वाचनालाच शिव्या घातल्या. मी लिहिला याचं मला वाईट वाटत नाही आणि त्याने सोडला याचं त्याला. फरक एवढाच की आता दोघांनाही आपण काय केलं ते नीट माहीत आहे.

कधीकधी वाटतं, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी या शहरात आमची गोष्ट सोपी होती का? जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली, आणि तेच मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही होते. ज्या विद्यापीठात आमच्यासाठी कॉलम नाही, तिथे हिब्रूचा पेपर तपासणारा आमचाच माणूस होता. तो पेपर कोणत्या वारी असायचा, हे मला फार जाणून घ्यायचंय.

समाजातली मोठी माणसं हल्ली विचारतात, ‘मुलं जमतात म्हणे, मग कार्यक्रम करा ना, बॅनर लावू.’ बॅनर नको. खिमा पॅटीस पाठवलेत तर चालतील, मात्र मग त्या दिवशी चहा कोराच, कारण आमच्या धर्मनियमात मटणानंतर दूध नाही. आणि मिनयानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या गणसंख्येला, दहा पुरुष मोजतात, त्यात आम्ही मुली धरल्या जात नाही. या बैठकीत मात्र निम्म्याहून जास्त आम्हीच असतो, आणि आवाजही आमचाच मोठा.

मागच्या वेळी नवा खटला आला. धाकट्याला परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता, शेवटचा दिवस शनिवार. टाइप करणं म्हणजे लिहिणं का? ‘सबमिट’ दाबणं कशात मोडतं? आम्ही दोन गट पाडून तावातावाने बोलत होतो. शेवटी त्याने हजानकाकांना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या काकांना, फोन लावला. काका म्हणाले, ‘मुदत रात्री बारापर्यंत आहे ना? मग तीन तारे उगवू देत, हावदाला कर, लवंगांचा वास घे आणि भर.’ तीन तारे दिसले की शब्बाथ सुटतो, आणि हावदाला हा तो संपवण्याचा विधी. मुंबईत तीन तारे दिसायची पंचाईत, म्हणून कॅलेंडरातली वेळ धरली. त्याने तसंच केलं. साडेनऊला साइट बंद पडली ती थेट सोमवारी उघडली, मुदत वाढवून.