१६ ची एक की ८ च्या दोन? टीव्हीखालच्या डब्याची रॅम

गेल्या दिवाळीत टीव्हीखाली ठेवायला एक छोटा पीसी बांधला, घरात सगळे त्याला डबाच म्हणतात. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर (ग्राफिक्स त्यातच), वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आडवी बारीक केस, वायरलेस कीबोर्ड सोफ्यावर. प्रोसेसरवर आठवडाभर वाचन केलं, केसवर तर त्याहून जास्त, आणि रॅमच्या बाबतीत मात्र लॅमिंग्टन रोडला काउंटरवर उभा राहून दोन मिनिटांत निर्णय. दुकानदार म्हणाला, "साहेब १६ जीबीची एकच स्टिक घ्या, एक स्लॉट मोकळा राहील, पुढे वाढवता येईल." मलाही ते शहाणपणाचं वाटलं, कारण डेस्कटॉपला आपण वर्षानुवर्षं तेच करत आलोय ना.

पहिला महिना एकदम मस्त गेला. सिनेमे, यूट्यूब, बाबांच्या जुन्या नाटकांच्या रेकॉर्डिंग्ज, सगळं लोण्यासारखं. मग मामेबहिणीचं लग्न झालं आणि तिच्या दिराने अख्खा सोहळा फोनवर ४के मध्ये, सेकंदाला ६० फ्रेम आणि एचडीआर (उजेड आणि रंग जास्त टिपणारी पद्धत) ऑन ठेवून शूट केला. रविवारी सगळे नातेवाईक घरी, मी ऐटीत फाईल लावली आणि अंतरपाट दूर होतो त्याच क्षणी चित्र थुईथुई नाचायला लागलं. अडकतंय, पळतंय, परत अडकतंय. मामा शांतपणे म्हणाला, "अरे पेनड्राइव्ह सरळ टीव्हीला लाव की." लावला. टीव्हीने बिनतक्रार चालवला, रंग जरा धुतल्यासारखे दिसत होते पण त्याकडे कोण बघतंय. त्या दिवशी माझी जी काय शोभा झाली ती झाली.

रात्री सगळे गेल्यावर एमपीव्ही हा व्हिडिओ प्लेअर उघडून माहिती दाखवणारं 'आय' बटण दाबलं, तिथे गळालेल्या फ्रेमचा आकडा नुसता पळत होता. आधी वाटलं प्रोसेसर कमी पडतोय, पण तो तर आरामात बसलेला, एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) डीकोड करायला, म्हणजे उलगडायला, चिपमध्ये वेगळं हार्डवेअर आहे आणि ते नीट काम करत होतं. मग वही-पेन घेऊन बसलो, आणि हे गणित खरंच सांगण्यासारखं आहे, कारण त्याने माझी रॅमकडे बघायची नजरच बदलली.

४के ची एक फ्रेम म्हणजे साधारण ८३ लाख पिक्सेल. १० बिटमध्ये डीकोड झालेली एक फ्रेम जवळजवळ २५ एमबी होते. आता माझा टीव्ही ४के आहे पण एचडीआर नाही, म्हणजे प्लेअरला प्रत्येक फ्रेमचे रंग आणि उजेड टीव्हीला झेपेल असे करून द्यावे लागतात, आणि हे काम ग्राफिक्सवाला भाग टप्प्याटप्प्याने करतो, मधल्या प्रत्येक टप्प्यात तीच फ्रेम फुगून ६६ एमबीच्या आसपास जाते. एकदा लिहायची, एकदा वाचायची, सेकंदाला ६० वेळा. म्हणजे एका टप्प्याला सेकंदाला जवळपास ८ जीबीची ने-आण. असे तीन टप्पे झाले की २४ जीबी. आणि ही सगळी ने-आण कुठून? तर रॅममधूनच, कारण ग्राफिक्सला स्वतःची मेमरीच नाही, प्रोसेसर आणि ते एकाच ताटात जेवतायत.

डीडीआर४ प्रकारच्या रॅमची ३२०० वेगाची एक स्टिक जास्तीत जास्त सेकंदाला २५.६ जीबी देते, तेही कागदावर. आणि माझी स्टिक ३२०० वर तरी कुठे चालत होती! बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवायची सेटिंग, चालू करायचं राहूनच गेलं होतं, त्यामुळे ती गुपचूप २४०० वर, म्हणजे १९.२ जीबीवर. इतके दिवस पाकिटावरचा आकडा वाचून खूश होतो मी. सिनेमे का अडकत नव्हते तेही तेव्हा कळलं, ते २४ फ्रेमवाले असतात, तोच टप्पा तिथे सव्वातीन जीबीत भागतो.

एक्सएमपी चालू केलं. गळणाऱ्या फ्रेम कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. खरा उपाय दोन स्टिक हाच होता, एक या चॅनलवर (रॅम ते प्रोसेसर या रस्त्यावर) आणि एक त्या, की रस्ता दुपदरी होतो आणि तेच २५.६ चं ५१.२ होतं. जीबी वाढवायची गरजच नव्हती, १६ पैकी निम्मी तर रिकामीच पडलेली असायची.

आता दुसरी १६ ची आणायची तर २०२५ संपता संपता रॅमचे भाव बघितलेत ना तुम्ही, एआयच्या डेटा सेंटरांनी सगळ्या चिपा उचलल्या आणि आपल्यासाठी भाव दुपटीच्या वर गेले, मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशिअल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करतोय म्हणून जाहीर केलं. जुन्या पीसीतली ८ ची जोडीला लावावी असाही विचार केला, पण १६ आणि ८ मिळून काही भागच डबल चॅनल होतो, उरलेला भाग एकपदरीच, आणि दोन्ही स्टिक त्यातल्या हळू स्टिकच्या चालीने चालतात. शेवटी ऑफिसमधला एक मित्र कामी आला. त्याच्याकडे ८ च्या दोन होत्या आणि त्याला वाढवायला जागा हवी होती, म्हणून माझी १६ ची त्याला, त्याच्या दोन मला, वर एक मिसळ. बोहारणीसारखा सौदा, पण दोघंही खूश.

लावताना एक गंमत. त्याच्या स्टिक चांगल्या होत्या पण डोक्यावर हीटसिंकचे शिंगटे आणि आत रंगीत दिवे. उघडी स्टिक असते ३१ मिलिमीटरच्या आसपास, ही दिसायलाच दीडपट. माझ्या केसमध्ये रॅमच्या बरोबर वर हार्ड डिस्कचा ट्रे येतो. झाकण काही लागेना. शेवटी हार्ड डिस्क काढून कोपऱ्यात दुहेरी टेपने चिकटवली (करू नका असं, मी केलं). दिव्यांचं तर विचारू नका, अंधारात सिनेमा लावला की टीव्हीखालच्या जाळीतून लाल-हिरवं-निळं, घरात गणपतीची आरास. सॉफ्टवेअरने बंद केले तेव्हा सुटलो. अशा केससाठी घेणार असाल तर साधी, बुटकी, बिनदिव्यांची स्टिक बघा, स्वस्त पण पडते.

चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, शेजारी-शेजारी लावल्या तर बऱ्याच बोर्डांवर दोन स्टिक असूनही एकच चॅनल चालतो. माझ्याकडे दोनच स्लॉट, त्यामुळे चुकायला जागा नव्हती. सीपीयू-झेड या प्रोग्रॅमच्या मेमरी टॅबमध्ये खात्री करून घ्या, आणि तिथे १६०० दिसलं म्हणून दुकानात भांडायला जाऊ नका, तो अर्धा आकडाच दाखवतो, १६०० म्हणजेच ३२००. ३६०० ची घ्यावी का असंही एकाने विचारलं. सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते ते. ३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८, दोन्हीचा हिशोब १० नॅनोसेकंदच येतो, बँडविड्थ थोडी वाढते एवढंच. टीव्हीखालच्या डब्याला ३२०० पुरे, ५६००जी ला अधिकृतपणे तेवढंच चालतं.

हे सगळं विंडोजवर प्लेअरकडून रंग बदलून घेणाऱ्यांसाठी हं. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा छोटा पीसी घेत असाल तर डोकंच लावू नका, त्याला मेमरीचा चॅनलच एक आहे, ८ ची एक स्टिक टाका आणि मोकळे व्हा. लिब्रेइलेक (कोडीपुरतीच बनवलेली ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून नुसतं कोडी हे मीडिया प्लेअर चालवायचं असेल तर ४ जीबीसुद्धा खूप झाली. कोडी म्हणजे मुळात पहिल्या एक्सबॉक्ससाठी लिहिलेलं, तेव्हा नावही एक्सबॉक्स मीडिया सेंटर होतं, आणि त्या एक्सबॉक्समध्ये सगळी मिळून ६४ एमबी मेमरी होती. एमबी! तीही ग्राफिक्ससोबत वाटून, अगदी माझ्या डब्यासारखीच.

बायोसमध्ये ग्राफिक्ससाठी मेमरी राखून ठेवायची सेटिंग असते, तिथे मी आधी हौसेने २ जीबी दिली होती. काहीच फरक पडला नाही, ड्रायव्हरला लागेल तशी तो एरवीही घेतो, उलट तेवढी विंडोजची कमी झाली. परत ऑटोवर ठेवली. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्रॅम) चालवला, एकही चूक नाही.

मग परवा मामा आला होता त्याला मुद्दाम तीच फाईल लावून दाखवली. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, एक फ्रेम गळाली नाही, रंगही झकास. मामाने दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "मॅच कुठल्या चॅनलवर आहे रे?"