हुन्नूरचा विठोबा आणि पिशवीभर गाळ

मेच्या शेवटच्या रविवारी मामांना गाडीत घालून घटप्रभा नदीवरच्या हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला गेलो. बेळगाव, काकती, सुतगट्टीचा घाट, यमकनमर्डी, मग हायवे सोडून उजवीकडे. मामांचं आजोळ या धरणात गेलं. माणूस गेला म्हणतात तसंच आमच्याकडे गावही 'गेलं' म्हणतात.

हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ पाणी उतरलं की वर येतं. आधी शिखर, मग खांब. आम्ही पोचलो तेव्हा पायऱ्याही उघड्या होत्या. भिंतींवर पाण्याच्या रेघा, भोवती भेगाळलेला गाळ. पायाखाली शिंपले कुरकुरत होते. एका डबक्यात अडकलेले मासे, काठावर बगळ्यांची पंगत.

दरवर्षीचंच हे. पाणी महिनोन्‌महिने सावकाश उतरतं, तरी एवढे शिंपले मरतात. हेच थोड्या दिवसांत झालं तर?

झालंय तसं. ६ जून २०२३ च्या पहाटे युक्रेनमधलं, युद्धात रशियाच्या ताब्यात गेलेलं कखोव्का धरण फुटलं. नीपर नदीवरचा तो जलाशय जवळपास १८ घन किलोमीटरचा. आपलं हिडकल ५१ टीएमसी, म्हणजे ५१ अब्ज घनफूट. अशी बारा हिडकलं त्यात मावली असती. मामांना एवढं सांगितल्यावर ते देवळाच्या ओट्यावर बसलेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोकाकात घटप्रभा शिरली, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं.

खालच्या अंगाला काय झालं ते टीव्हीवर दिसलं. गावं बुडाली, काठावर पेरलेले सुरुंग वाहून गेले, निदान १५० टन यंत्रतेल नदीत मिसळलं, नोव्हा कखोव्कातल्या प्राणिसंग्रहालयातली बहुतेक जनावरं पिंजऱ्यांतच बुडाली. तो सगळा राडा काळ्या समुद्रात गेला. वरच्या अंगाला कॅमेरे कमी गेले. तिथे दोन हजारांहून जास्त चौरस किलोमीटरचा तळ उघडा पडला, मासे चिखलात मेले, कालव्यांची तोंडं कोरडी राहिली.

(हिडकल पुरं झालं १९७७ ला. त्याच वर्षी युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या पुरवणी करारात ५६ वं कलम आलं: फुटल्यास सामान्य माणसं मोठ्या संख्येनं मरतील अशा धरणावर हल्ला करू नये. कलमात पळवाटाही आहेतच.)

"मग आता तिथं काय हाय?" मामांनी विचारलं.

"जंगल." उघड्या तळावर त्याच उन्हाळ्यात विलो आणि पॉपलरची रोपं उगवली, पुढं माणसाच्या डोक्यावर गेली. १९५० च्या दशकात धरण झालं तेव्हा तिथलं जुनं नदीकाठचं कुरण बुडालं होतं. वेलिकी लुह, म्हणजे मोठं कुरण.

"काय सांगालास! म्हणजे बुडालेली जमीन परत आली म्हण की."

मामांच्या आवाजात जे होतं त्याला आनंद म्हणवत नाही, पण त्याच्या जवळचंच काहीतरी होतं. माझी पंचाईत झाली. धरण फोडणं वाईट, हे मी ठरवूनच आलो होतो. ज्यांचं गाव धरणानं आधीच खाल्लं, त्यांना हे कुठल्या तोंडानं ऐकवायचं?

मग गाळाचं सांगितलं. साठ-पासष्ट वर्षं वरच्या कारखान्यांचं पाणी त्या जलाशयात आलं. त्यातले जड धातू गाळाला चिकटून तळाशी बसले. पाणी होतं तोवर झाकलेले होते. आता पूर आला की थोडा-थोडा गाळ सुटतो, खाली जातो. झाडंझुडपं, किडे, पाखरं यांच्या पोटात शिरतो. जमीन परत आली खरी, पण ती जशी गेली होती तशी नव्हे.

मामा काही बोलले नाहीत. पलीकडे दोन ट्रॅक्टर शेतासाठी गाळ भरत होते. मामा तिकडे गेले, तुळशीसाठी म्हणून पिशवीभर मागून आणला. गाडीत बसल्यावर एक ढेकूळ फोडून नाकाशी धरलं.

"आमच्या गावाचाच असंल," म्हणाले, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले.