लिस्टेरिया कुठे शोधावा

अन्नप्रक्रिया कारखान्यांतील जिवाणू-तपासणीचे काम करताना मला सर्वांत अस्वस्थ करते ती नोंदवही, जिच्यात महिनोन्महिने एकही स्वॅब, म्हणजे यंत्रे-फरशी पुसून घेतलेला नमुना, दूषित आढळलेला नसतो. लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस हा अन्नातून आजार पसरवणारा जिवाणू मातीत, पाण्यात आणि जनावरांच्या शेणात असतो आणि कच्च्या मालाबरोबर आत येत राहतो. तो कधीच सापडत नसेल, तर बहुधा आपण सोयीच्या जागा पुसत आहोत.

या जिवाणूपुढे शीतगृहाचा भरवसा धरता येत नाही, कारण 4 अंश सेल्सिअसलाही तो सावकाश वाढत राहतो आणि मिठालाही फारसा जुमानत नाही. पाश्चरीकरणाच्या उष्णतेने तो मरतो हे खरे, परंतु शिजलेला पदार्थ कापताना आणि पाकिटात भरताना तो पुन्हा दूषित होऊ शकतो. फळे आणि सॅलडच्या भाज्या तर कच्च्याच खाल्ल्या जातात. 2011 साली अमेरिकेतील कोलोरॅडोमधल्या एका शेतावरच्या खरबुजांमुळे 147 जण आजारी पडले आणि 33 जण दगावले. तेथील पॅकिंग-शेडच्या फरशीवर पाणी साचत होते, यंत्रे सहज साफ होण्यासारखी नव्हती आणि शेतातली गरम फळे आधी गार न करताच शीतगृहात जात होती, त्यामुळे सालीवर दव धरण्याची शक्यता होती. खरबुजाच्या जाळीदार सालीत जिवाणूला आयताच आसरा मिळतो आणि सुरी त्याला गरापर्यंत पोहोचवते.

कापणी-यंत्र बाहेरून लखलखीत दिसत असताना त्याचे पाते सोडवून मागचे रबरी गॅस्केट काढले, तर कडेला बोटाला बुळबुळीत लागणारा करडा थर दिसतो. असा थर म्हणजे बायोफिल्म, जिवाणूंनी स्वतःभोवती तयार केलेले चिकट कवच. घासून काढल्याशिवाय त्याच्या आतवर जंतुनाशक नीट पोहोचत नाही, आणि तरीही कामगारांना यंत्र उघडण्यासाठी पुरेसा वेळ दिला जात नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. जमिनीतील नाली जोरदार फवाऱ्याने धुणे हा तर उत्साहाने केलेला घात होय, कारण तिच्यातले तुषार थेट पट्ट्यावरच्या मालावर बसतात.

भाज्या धुण्याच्या पाण्यातील क्लोरीनबद्दलही असाच गैरसमज आहे. पानाला चिकटलेले सगळे जिवाणू त्याने निघत नाहीत. एका दूषित पानावरचे जिवाणू पाण्यामार्फत टाकीभर पसरू नयेत, हे त्याचे मुख्य काम आहे, आणि पाणी मातीने गढूळ झाले की तेही नीट होत नाही.

तयार मालाचे 25 ग्रॅम तपासून समाधान मानण्यापेक्षा मी नाली, रोलरची पोकळी आणि शीतगृहातील पंख्याखालची पाण्याची तबकडी यांचे स्वॅब घेतो. तेही सफाईनंतर लगेच नव्हे, तर उत्पादन सुरू होऊन तीन-चार तास झाल्यावर, जेव्हा यंत्राच्या हादऱ्यांनी सांध्यांत दडलेले पाणी बाहेर झिरपू लागलेले असते.