केबल तुटली त्या दिवशीची बैठक

परिसराच्या वीजवितरणाचा आराखडा ठरवण्याची बैठक ज्या दुपारी होती, त्याच सकाळी पाण्याच्या वाहिनीसाठी चर खणणाऱ्या जेसीबीने आमची ११ केव्हीची केबल तोडली. कोणाला इजा झाली नाही. मुख्य उपकेंद्रातील ब्रेकर (दोष येताच प्रवाह तोडणारा स्विच) तत्काळ पडला. पण केबल तुटली ती मुख्य उपकेंद्र आणि ग्रंथालय यांच्या मधे, आणि ग्रंथालयाच्या पुढे प्रयोगशाळा, प्रशासन व वसतिगृह ही उपकेंद्रे एकामागून एक त्याच ओळीवर होती. सगळा परिसर अंधारात गेला. प्रयोगशाळेतील शीतकपाटे डिझेल जनित्रावर चालली, वसतिगृहातील पाण्याचे पंप मात्र बंद राहिले.

मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या उपकरणाने) तपासले तेव्हा तिन्ही फेजचे इन्सुलेशन शून्य दाखवत होते. वायरमनने विचारले, "साहेब, दुसरीकडून देता येईल का?" आमच्यासारख्या रेडियल रचनेत, म्हणजे एकाच टोकाकडून पुरवठा येणाऱ्या ओळीत, दुसरी बाजूच नसते. खराब तुकडा काढून नवा घालणे, म्हणजे दोन जॉइंट, आणि तेही पावसात, ताडपत्रीखाली. जॉइंटर घाई करत नाही, आणि त्याने करूही नये. केबलच्या टोकात ओल राहिली तर तो जॉइंट आज ना उद्या फुटतोच. पुरवठा परत आला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

बैठक मात्र ठरल्याप्रमाणे दुपारीच झाली. प्रश्न होता तो रचना रेडियलच ठेवायची की रिंग करायची, म्हणजे ओळीचे शेवटचे टोक दुसऱ्या केबलने मुख्य उपकेंद्राला परत जोडायचे, हा. लेखाधिकाऱ्यांची हरकत रास्त होती: वसतिगृहाचे उपकेंद्र ६३० केव्हीएचे, त्याचा पूर्ण भार जेमतेम ३३ अँपिअर, रिंग केली तर तेथील केबलला चारही उपकेंद्रांचा १३२ अँपिअर भार वाहावा लागेल, मग सर्वत्र जाड केबल कशाला? उत्तर भारात नव्हते, शॉर्टसर्किटमध्ये होते. आमच्या मुख्य उपकेंद्राच्या बसवर (जिथून केबल निघतात त्या सामाईक पट्टीवर) दोषप्रवाह, म्हणजे शॉर्टसर्किटच्या वेळचा प्रवाह, सुमारे १२ किलोअँपिअर येतो. ९५ चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियम एक्सएलपीई (प्लॅस्टिक इन्सुलेशनची) केबल एका सेकंदासाठी सुमारे ८.९ किलोअँपिअर सोसते, १५० ची सुमारे १४. एका सेकंदाचा हिशेब धरायचा तर ओळीच्या शेवटच्या टप्प्यालाही १५० चीच केबल हवी, मग रचना रेडियल असो वा रिंग. अर्थात जी जाडी शॉर्टसर्किटसाठी घ्यावीच लागते, ती रिंगच्या भारालाही पुरते. रिंगचा खरा वाढीव खर्च उरतो तो वसतिगृहापासून मुख्य उपकेंद्रापर्यंतच्या परतीच्या केबलचा आणि प्रत्येक ठिकाणच्या आरएमयूचा, म्हणजे रिंगच्या दोन्ही बाजूंच्या केबलचे स्विच असलेल्या पेटीचा.

ही परतीची केबल पहिल्या केबलच्याच चरातून नेण्याची सूचना एका सदस्यांनी केली, कारण खोदाई वाचते. मी ती ठामपणे नाकारली. दोन्ही वाटा एकाच चरात असल्या तर एकच जेसीबी दोन्ही तोडतो, आणि मग रिंगवर झालेला सगळा खर्च कागदापुरताच उरतो. शेवटी ती मागच्या रस्त्याने न्यायचे ठरले.

रिंग सतत बंद (सगळे स्विच जोडलेले) ठेवायची की एका ठिकाणी उघडी (तिथला स्विच तोडलेला), यावर फार चर्चा झाली नाही. बंद रिंगला दिशादर्शक रिले (दोष कोणत्या दिशेला आहे ते ओळखणारे) किंवा डिफरन्शियल संरक्षण (केबलच्या दोन्ही टोकांचे प्रवाह ताडून पाहणारे) लागते आणि ते सांभाळणारा माणूस आमच्याकडे नाही. म्हणून प्रयोगशाळा व प्रशासन यांच्या मधला स्विच उघडा ठेवायचा, म्हणजे भार दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. दोष आला की त्या बाजूचा पुरवठा जाईलच, पण दोषदर्शक पाहून खराब तुकडा दोन्ही टोकांनी सोडवायचा आणि उघडा स्विच जोडायचा, एवढेच काम उरते. बाहेरून येणारा फीडरच गेला तर मात्र रिंगचा काही उपयोग नाही, हेही मी नोंदवून ठेवले.

मला अधिक काळजी होती ती वायरमनांच्या सवयीची. मागचा स्विच काढला की पुढची केबल मृत, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले. रिंगमध्ये तीच केबल दुसऱ्या बाजूने जिवंत असू शकते. म्हणून कामाच्या परवान्यात दोन्ही टोकांचे स्विच, कुलूप आणि अर्थिंग (केबल जमिनीशी जोडणे) यांचे स्वतंत्र रकाने घातले, आणि उघड्या स्विचची किल्ली पाळीप्रमुखाखेरीज कोणाकडे राहणार नाही असे ठरवून घेतले.