आमची वाटचाल : मुंजाच्या वाड्यात मांडव

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात लग्नकार्यं करायची, असं मी घरात पहिल्यांदा बोलले तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आधी मुंजाला विचार." थट्टेचा सूर नव्हता.

1854 मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, त्यानंतर कधीतरी आमच्या पूर्वजांनी वाडा बांधला असं घरात सांगतात. दोन चौक, सागवानी खांब, वर कवेलू, मागच्या चौकात विहीर आणि पिंपळ. त्या पिंपळावर मुंजा. मुंज झाली पण सोडमुंजेआधीच गेला, तो पोरगा. वाटण्या-कज्ज्यांत वाडा चौदा वर्षं कुलपात होता. आसपासच्या रिकाम्या घरांची दारं, महिरपी, खुंट्यासुद्धा भंगारात गेल्या. आमचा दिंडी दरवाजा कडीसकट जागेवर. चोरांनाही पिंपळ माहीत होता ना!

दुरुस्तीला कर्ज काढलं. गिलाव्याला चुना वापरायचा की सिमेंट, यावर दीर आणि मी महिनाभर भांडलो, चुना जिंकला. मग पहिली बुकिंग आली, अडीचशे पानांची. साखरपुड्याच्या आठवड्यात मुलाच्या आत्याबाई जागा पाहायला आल्या, पिंपळापाशी थबकल्या आणि म्हणाल्या, "ताई, जागा छानच आहे हो, पण आमच्याकडे नवरी यायची आहे, काहून जोखीम घ्यायची?" ॲडव्हान्स परत केला. त्या मोसमात अशा तीन तारखा गेल्या. चौकीदारही टिकेना. तिसरा तर सकाळी किल्ली ओसरीवर ठेवून गेला, पगारालाही आला नाही. माळ्यावर रात्री कोणीतरी फुसफुसतं आणि मध्येच किंचाळतं, असं त्याचं म्हणणं.

दीर आणि मी टॉर्च घेऊन शिडीनं वर गेलो. खरं सांगते, माझे पाय कापत होते. वाशाच्या कोपऱ्यात बदामाच्या आकाराचं पांढरं तोंड, दोन काळे डोळे, आणि मागे फुसफुसणारी तीन पिल्लं. गव्हाणी घुबड. हे घुबड घूत्कार करत नाही, किंचाळतं. आणि उडताना पंखांचा आवाज जवळपास येतच नाही, म्हणून अंधारात पांढरं काहीतरी तरंगत गेल्यासारखं दिसतं. खाली जमिनीवर अंगठ्याएवढ्या करड्या गोळ्या पडल्या होत्या. एक फोडली तर आत केस, हाडं आणि उंदराची अख्खी कवटी. ज्याच्या कोठीत तांदळाची पोती असतात त्याला असा भाडेकरू फुकट मिळाला तर त्यानं कशाला हाकलावं? माळ्याचा तो कोपरा आम्ही आजही मोकळा ठेवतो आणि डीजेला परवानगी देत नाही. रात्रीची टकटकही समजली. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या वर जातो, तापलेलं सागवान रात्री निवताना आकसतं आणि सांधे वाजतात.

याच दिवसांत एक महाराज आले. एकवीस हजारांत मुंजा बाटलीत बंद करून देतो म्हणाले. दिरानं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव काढलं, तर चहाही न पिता उठले. सासूबाई मात्र माझ्यावरच चिडल्या. "तान्ह्या पोळ्याला मारबतीचा पुतळा मिरवत ओरडून हाकलतात ती इडापीडा. हा आपल्या घरातला आहे."

तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं. त्या काळी पटकी, देवीच्या साथी घरोघरी पोरं नेत. हा आठ-नऊ वर्षांचा होता म्हणे, त्याचं नावही कुणाला आठवत नाही.

2020 चा उन्हाळा सगळ्यांचाच गेला, त्यावर काय लिहायचं. त्यानंतर मात्र वारं फिरलं. आता पोरं-पोरी फोनवरच विचारतात, "भूत आहे तोच वाडा ना?" एका इव्हेंटवाल्यानं संगीताच्या रात्री विहिरीपाशी पांढऱ्या साडीतली बाई उभी करायची, धूर सोडायचा, असा बेत आणला होता. पैसे चांगले होते. हडळ म्हणे जास्त चालते. मी नाही म्हटलं, आणि त्या महिन्याचा हप्ता दागिना ठेवून भरला. कुणाचं तरी गेलेलं लेकरू तिकिटावर दाखवायचं, हे मला जमणारं नव्हतं.

आमच्याकडे आज लग्नांइतक्याच मुंजी होतात. आचारी जुना आहे. वडाभात उतरला, पाटोडीचा रस्सा झाला, की पहिलं पान तो न सांगता पिंपळाखाली नेतो. गल्लीतलं काळं कुत्रं तिथे आधीच बसलेलं असतं. गेल्या मोसमात एका बटूनं, गोटा केलेल्या डोक्यावरून हात फिरवत, त्या पानात स्वतःच्या ताटातला लाडू नेऊन ठेवला. त्याची आई धावत आली, मला वाटलं ओरडणार. तिनं पान नुसतं सरळ केलं.

या पानाचे पैसे आम्ही बिलात लावत नाही.